किनारा दिसत नसताना : जहाजाचं ठिकाण सांगणाऱ्या रेडिओलहरी

 

मी आयुष्याची छत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. आज माझ्या घरी येणारी पोरं मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘काका, जीपीएस नव्हतं तेव्हा तुम्हाला कळायचं कसं हो, कुठे आहात ते?’ मी म्हणतो, सूर्य आणि तारे. त्यावर ती खूश होतात, कारण ते उत्तर सिनेमात शोभण्यासारखं आहे. पण ते अर्धंच आहे. उत्तर समुद्रात हिवाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिथे आम्हाला तारलं ते जमिनीवर उभ्या केलेल्या रेडिओ मनोऱ्यांनी. त्यांच्याबद्दल मराठीत फारसं कुणी बोलत नाही, म्हणून आज तोच विषय घेतलाय.

सुरुवात कोकणातल्या तांडेलापासून करू. माझे आजोळचे लोक मासेमारीतले. होडी समुद्रात असताना तांडेल किनाऱ्याकडे बघतो आणि देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खिंडीत बसवतो. कळस आणि खिंड एका ओळीत आले की होडी त्या ओळीवर आहे हे नक्की. पण ओळीवर नेमकी कुठे? त्यासाठी तो दुसरीकडे बघतो. समजा, उत्तरेकडचा एक सुळका आणि दीपगृह असं आणखी एक जुळवतो. दोन ओळी जिथे कापतात तिथे होडी. खडक कुठे, जाळं कुठे टाकायचं, हे सगळं या खुणांवर. जगातलं कुठलंही दिशादर्शन शेवटी एवढंच असतं. एक रेषा मिळवा, दुसरी मिळवा, छेद बघा.

आता किनारा दिसेनासा झाला तर? पहिला विचार माणसानं साहजिकच असा केला की दिव्याऐवजी रेडिओ लावावा. किनाऱ्यावर रेडिओ बीकन आणि जहाजावर फिरवता येणारा वेटोळ्याचा अँटेना. अँटेना फिरवत आवाज सर्वात क्षीण कुठे होतो ते बघायचं, म्हणजे बीकनची दिशा कळते. हे चाललं, बरीच वर्षं चाललं. पण यात खोट अशी की दिशा मोजण्यात एक अंशाची चूक झाली तर साठ सागरी मैलांवर ती एक मैलाची होते. आणि डोलणाऱ्या जहाजावर, संध्याकाळच्या वेळी, चूक दोन-तीन अंशांची सहज व्हायची. दोन-तीन मैलांत एक अख्खी वाळूची दांडी मावते.

मग अंतरच का मोजू नये? रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, साधारण ३०० मीटर जाते. लहर किनाऱ्यावरून कधी निघाली आणि माझ्याकडे कधी पोचली हे कळलं की अंतर कळलं. गोम अशी की त्यासाठी किनाऱ्यावरचं घड्याळ आणि माझं घड्याळ मायक्रोसेकंदापर्यंत जुळलेलं हवं. १९४० साली असलं घड्याळ जहाजावर कुठून आणणार?

इथे जी युक्ती काढली गेली ती मला अजूनही फार आवडते. समजा, दिवाळीत एका मोठ्या मैदानाच्या दोन टोकांना दोन पोरं उभी आहेत. दोघांनी एकाच क्षणी सुतळी बॉम्ब फोडला. तुम्ही अंधारात मैदानात कुठेतरी उभे आहात, हातात घड्याळ नाही. बॉम्ब कधी फुटले हे तुम्हाला माहीत नाही. पण तुम्हाला आधी डावीकडचा आवाज आला आणि बरोबर एका सेकंदानं उजवीकडचा. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. म्हणजे तुम्ही उजव्या पोरापेक्षा डाव्या पोराला ३४० मीटर जवळ आहात. किती वाजता फुटला, याची गरजच पडली नाही. फक्त दोन आवाजांमधला फरक लागला.

असे ‘डावीकडे ३४० मीटर जवळ’ असणारे सगळे बिंदू जोडले की एक वक्र रेषा तयार होते. शाळेत भूमितीत आपण तिला अपास्त म्हणायचो. बहुतेकांनी ती परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरून गेले. मीही त्यातलाच. जहाजावर आल्यावर कळलं की पुढची सगळी नोकरी अपास्तांवरच करायची आहे. दोन मनोऱ्यांची एक जोडी तुम्हाला एक अपास्त देते, दुसरी जोडी दुसरा. दोन अपास्त कापतात तिथे जहाज. तांडेलाचा कळस आणि खिंड, फक्त ओळ वाकडी झाली इतकंच.

आणि यात आणखी एक गोष्ट बसते. मनोऱ्यांना तुम्ही कोण, कुठे, किती जण, याच्याशी काही देणंघेणं नाही. ते आपले प्रक्षेपण करत राहतात. जहाजानं तोंड बंद ठेवून फक्त ऐकायचं. युद्धात याचं मोल काय असेल ते सांगायला नको. ही पद्धत वाढली ती दुसऱ्या महायुद्धातच. ब्रिटनमध्ये रॉबर्ट डिप्पी यांची ‘जी’ ही विमानांसाठीची प्रणाली १९४२ मध्ये कामाला लागली. अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस यांच्या कल्पनेतून आणि एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीच्या कामातून लोरान आली. आणि तिसरी डेक्का.

डेक्का हे नाव ऐकून जुन्या मंडळींना ग्रामोफोनच्या तबकड्या आठवतील. बरोबर आहे, तीच कंपनी. विल्यम ओब्रायन या अमेरिकन अभियंत्याची कल्पना लंडनच्या त्या रेकॉर्ड कंपनीनं उचलली. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या उतरणीच्या वेळी सुरुंग काढणाऱ्या काही जहाजांना अंधारात नेमक्या पट्ट्यातून नेण्यासाठी ती पहिल्यांदा खऱ्या अर्थानं वापरली गेली. युद्धानंतर, १९४६ पासून, ती व्यापारी जहाजांसाठी खुली झाली.

माझं सगळ्यात जास्त आयुष्य डेक्काबरोबर गेलं, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो.

डेक्काच्या एका साखळीत मधोमध एक मुख्य केंद्र आणि भोवती बहुधा तीन दुय्यम केंद्रं. त्यांना रंगांची नावं होती, लाल, हिरवं, जांभळं. इथे बॉम्ब फोडून वेळ मोजायची नाही. केंद्रं अखंड लहर सोडतात आणि यंत्र दोन लहरींचे चढउतार एकमेकांशी कसे जुळतात ते बघतं. पण सगळ्यांनी एकाच वारंवारतेवर गायलं तर कोण कोणता हे कळणार कसं? म्हणून एक मूळ वारंवारता धरली, साधारण १४ किलोहर्ट्‌झ. मुख्य केंद्र तिच्या सहापट, लाल आठपट, हिरवं नऊपट आणि जांभळं पाचपट वारंवारतेवर. जहाजावरचं यंत्र मुख्य केंद्राची लहर चौपट करणार आणि लाल केंद्राची तिप्पट. सहा चोक चोवीस, आठ त्रिक चोवीस. आता दोन्ही एकाच वारंवारतेच्या झाल्या आणि तुलना करता आली. पाढे येणाऱ्या माणसानं ही प्रणाली रचली असं मला नेहमी वाटतं.

ब्रिजवर तीन गोल तबकड्या असायच्या, डेकोमीटर. जहाज चाललं की काटे सावकाश फिरायचे. काट्याचा एक पूर्ण फेरा झाला की तुम्ही एक ‘लेन’ ओलांडली. दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर लाल लेन सुमारे ४४० मीटर रुंद. केंद्रांपासून दूर गेलं की लेन पसरत जातात. चार्टवर हे अपास्त लाल, हिरव्या, जांभळ्या शाईत आधीच छापलेले असायचे. तबकडीवरचा आकडा वाचा, ती रंगीत रेषा शोधा, दुसऱ्या रंगाची शोधा, छेदावर पेन्सिलीनं खूण करा. अर्ध्या मिनिटाचं काम. सेक्स्टंट घेऊन ढगातल्या फटीची वाट बघणाऱ्यांना हा चमत्कारच वाटला असणार.

आता खोट सांगतो. काटा फेऱ्यामधली जागा सांगतो, फेरा कितवा ते मोजून ठेवावं लागतं. रिक्षाच्या मीटरसारखं समजा. बंदरातून निघताना आकडा बरोबर लावून द्यायचा, मग यंत्र मोजत जाणार. मध्येच वीज गेली, मोठं वादळ झालं, बर्फाच्या वर्षावात अँटेनावर खरखर झाली, तर मोजणी हुकते. नंतर काटा पुन्हा अगदी शहाण्यासारखा फिरू लागतो, पण लेन भलतीच. पुढे लेन ओळखण्याची सोय आली, मिनिटागणिक एक वेगळा संकेत यायचा. पण तो माणसानं बघायला तर हवा.

१९८१ चा हिवाळा. मी सेकंड मेट होतो, रात्री बारा ते चारचा पहारा माझा. रॉटरडॅमहून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे चाललो होतो. तो किनारा म्हणजे वाळूच्या दांड्यांचं रान. सव्वादोनला जहाजाचा जनरेटर बसला. ब्रिजवर काळोख. अर्ध्या-पाऊण मिनिटात आपत्कालीन वीज आली, सगळं पुन्हा उजळलं, डेक्काचे काटे फिरू लागले. सुकाणूवरच्या माणसाला धीर द्यायचा, इंजिन रूमला फोन करायचा, या गडबडीत मी लाल तबकडी संकेताशी ताडून पाहिली आणि हिरवीसाठी थांबलो नाही. दोन आकडे घेतले, चार्टवर खूण केली, सुंदर छेद आला. पेन्सिलीची टोकदार खूण माणसाला फार विश्वास देते बघा.

कॅप्टनसाहेब वर आले. बंगाली गृहस्थ होते, पन्नाशी उलटलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी चार्टकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘सेकंड, पाणी किती आहे?’ मी इको साउंडर लावला. चार्टप्रमाणे तिथे चौतीस मीटर पाणी हवं होतं. यंत्र एकोणीस दाखवत होतं. आणि आकडा कमी होत होता.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. जहाज खोल पाण्याकडे वळवलं, वेग उतरवला आणि मला म्हणाले की आता तिन्ही रंग ताडून बघ. हिरवी दोन लेननं चुकली होती. वाळूपासून आम्ही किती लांब होतो ते मी नंतर मोजलं, पण तो आकडा सांगायला मला अजूनही लाज वाटते. त्या रात्रीनंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही खूण दुसऱ्या कशाशी ताडल्याशिवाय केली नाही.

डेक्काला आणखी एक शत्रू होता, रात्र. लहर जमिनीलगत येते तशी वर आकाशाकडेही जाते, आणि आयनांबरावरून परावर्तित होऊन खाली येते. रात्री ही आकाशलहर जोरकस होते आणि सरळ आलेल्या लहरीत मिसळून काटा बिघडवते. म्हणून डेक्काच्या पुस्तकात चुकीचे तक्ते असायचे, भर दिवसाचे वेगळे, संधिप्रकाशाचे वेगळे, उन्हाळी रात्रीचे वेगळे, हिवाळी रात्रीचे वेगळे. हिवाळी रात्र सर्वात वाईट. म्हणजे गरज सर्वात जास्त तेव्हाच भरवसा सर्वात कमी.

यावर चांगला तोडगा लोरान-सी या प्रणालीनं काढला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकन कोस्ट गार्डकडे आली. वारंवारता १०० किलोहर्ट्‌झ, मनोरे दोनशे मीटर किंवा त्याहून उंच, ताकद शेकडो किलोवॉट. इथे अखंड लहर नाही, पुन्हा बॉम्ब, म्हणजे स्पंद. मुख्य केंद्र स्पंदांचा एक गट सोडतं, मग ठरावीक उशिरानं दुसरं केंद्र, मग तिसरं, पाळीपाळीनं. आकाशलहर लांबच्या वाटेनं येते, त्यामुळे ती सरळ लहरीपेक्षा निदान ३० मायक्रोसेकंद तरी उशिरा पोचते. म्हणून यंत्र स्पंदाच्या पहिल्या ३० मायक्रोसेकंदांतच मोजमाप उरकतं. आकाशलहर दारात येईपर्यंत पंगत उठलेली. समुद्रावर हजार मैलांपर्यंत ही प्रणाली पोचायची. अचूकता साधारण पाव मैल.

पाव मैल ऐकून आजची पोरं नाक मुरडतात. पण इथे एक गंमत आहे, जी मच्छीमारांनी आम्हा अधिकाऱ्यांच्या आधी ओळखली. चूक असायची, पण ती बहुतेक तीच ती असायची. रेडिओलहर खाऱ्या पाण्यावरून वेगानं जाते, कोरड्या जमिनीवरून किंचित रेंगाळते. वाटेत डोंगर आला तर तो रोजच येणार, म्हणून चूकही रोज तेवढीच. नकाशावर जागा चारशे मीटर सरकलेली दिसेल, पण आज जो आकडा दिसला त्याच आकड्यावर पुढच्या वर्षी परत आलात तर पन्नास-शंभर मीटरच्या आत त्याच जागी याल. मच्छीमाराला अक्षांश-रेखांशाशी काय करायचंय? त्याला मासे मिळाले ती जागा हवी, आणि जाळं फाटलं ती टाळायची. उत्तर समुद्रात आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मच्छीमारांच्या वह्या असायच्या, नुसत्या आकड्यांच्या. इथे बुडालेलं जहाज, इथे खडक, इथे मासा. बापाकडून मुलाकडे जायच्या. प्रणाली बंद झाल्या तेव्हा या वह्यांचं अक्षांश-रेखांशात भाषांतर करणं हे मोठं काम होऊन बसलं, आणि ते पूर्ण नेमकं होत नाही, कारण ती रोजची चूक आकड्यांत मुरलेली असते.

आपल्याकडे काय होतं, हा प्रश्न येणारच. होतं. भारत आणि बांगलादेश मिळून डेक्काच्या चार साखळ्या होत्या. पुढे लोरान-सीच्या दोन साखळ्या आल्या, दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालयाच्या अखत्यारीत. मुंबई साखळीचं मुख्य केंद्र मुंबईत नव्हतं, ते गुजरातमध्ये ध्रांगध्र्याला, म्हणजे छोट्या रणाच्या काठी. दुय्यम केंद्रं वेरावळ आणि बिलिमोऱ्याला. सुरत-वलसाडकडच्या आपल्या मराठी मंडळींनी बिलिमोरा स्टेशन शेकडो वेळा पाहिलं असेल, तिथून अरबी समुद्रातल्या जहाजांना वेळ सांगितली जाते हे किती जणांना ठाऊक होतं? कोलकाता साखळीचं मुख्य केंद्र ओडिशात बालासोरला, एक दुय्यम केंद्र डायमंड हार्बरला. या साखळ्यांची नावं म्हणजे आकडे. मुंबई ६०४२, कोलकाता ५५४३. हे आकडे उगाच नाहीत. ६०४२ म्हणजे दर ६०,४२० मायक्रोसेकंदांनी गाणं पुन्हा सुरू. वेगवेगळ्या साखळ्या एकाच वारंवारतेवर असायच्या, त्या ओळखायच्या कशा, तर त्यांच्या ठेक्यावरून. तबलजी लोकांना हे लगेच पटेल.

मग जीपीएस आलं आणि एकेक दिवा मालवला. ओमेगा नावाची जगभर पसरलेली प्रणाली होती, अवघ्या आठ केंद्रांची, ती सप्टेंबर १९९७ मध्ये बंद झाली. ब्रिटनमधली डेक्का मार्च २००० अखेर. अमेरिकेनं लोरान-सी फेब्रुवारी २०१० मध्ये बंद केली, वायव्य युरोपातली २०१५ अखेर गेली. हिशेबाच्या दृष्टीनं बरोबरच होतं. मनोरे सांभाळायला माणसं लागतात, वीज लागते, आणि वापरणारं कुणी उरलं नव्हतं. मीसुद्धा जीपीएस आल्यावर डेक्काकडे ढुंकून पाहिलं नाही, खोटं कशाला बोलू.

गंमत म्हणजे जीपीएसही तीच दिवाळीची युक्ती वापरतं. तुमच्या फोनमधलं घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाइतकं अचूक नसतंच. म्हणून तीन नाही तर चार उपग्रह लागतात, म्हणजे घड्याळाची चूक गणितातून बाहेर काढता येते. फरक ताकदीत आहे. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्याचा प्रक्षेपक साधारण घरातल्या जुन्या बल्बच्या ताकदीचा. पृथ्वीवर पोचेपर्यंत तो संकेत इतका क्षीण होतो की खिशात मावेल असं यंत्रही आसपास तो दाबून टाकू शकतं. आपला नाविकही उपग्रहांवरच आहे, त्यामुळे ही अडचण त्यालाही चुकत नाही. लोरानचा मनोरा असा गप्प करायचा तर तुम्हालाही तेवढाच मनोरा बांधावा लागेल.

जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसहून अधिक जहाजांना जीपीएसनं सांगितलं की तुम्ही जमिनीवर, एका विमानतळावर आहात. तिथे अधिकारी निदान हसू शकले, कारण खोटं ढळढळीत होतं. मला भीती वाटते ती अर्ध्या मैलाच्या खोट्याची, माझ्या हिरव्या तबकडीसारख्या. २०१६ मध्ये उत्तर कोरियाकडून संकेत दाबले गेले तेव्हा दक्षिण कोरियाच्या शेकडो मच्छीमार बोटींना त्रास झाला, आणि त्या देशानं लोरानची सुधारलेली आवृत्ती, ई-लोरान, हाती घेतली. तिच्यात प्रत्येक मनोऱ्याची वेळ अणुघड्याळानं बांधलेली असते आणि वाटेतल्या जमिनीची ती रोजची चूक आधीच मोजून दुरुस्त केलेली असते. अचूकता दहा-वीस मीटरपर्यंत येते. बंदरात शिरायला तेवढी पुरते.

माझा भाचा सध्या टँकरवर चीफ ऑफिसर आहे, आखातात ये-जा करतो. कोकणातली अशी किती पोरं तिथे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. मागे त्याचा फोन आला. होर्मुझजवळ इलेक्ट्रॉनिक चार्टवर जहाज अचानक डोंगरावर चढलं, म्हणाला. आजूबाजूची जहाजंही गोल गोल फिरताना दिसत होती. मी विचारलं, मग तू काय केलंस? त्यानं रडारवर ओमानच्या बाजूच्या बेटाचं अंतर घेतलं, दुसऱ्या एका टोकाचं घेतलं, कंपासनं दोन वर्तुळं काढली, छेद काढला. कागदी चार्ट त्याच्या जहाजावर आता नाहीतच, म्हणून त्यानं कोऱ्या आलेखाच्या कागदावर काढली. ‘आणि पाणी?’ मी विचारलं. ‘मामा, ते आधीच बघितलं,’ म्हणाला, आणि त्याच्या पहाऱ्याची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

माझ्याकडे उत्तर समुद्राचा एक जुना डेक्का चार्ट अजून आहे, तिन्ही रंगांचा. या भागाच्या शेवटी तो पडद्यावर दाखवतो. त्यात लाल आणि हिरव्या रेषा जिथे अगदी तिरक्या कापतात ती जागा शोधा. तिथे घेतलेल्या खुणेवर विश्वास का ठेवायचा नाही, ते खाली लिहून कळवा.